दादाला वाटलेली भीती

हिरावहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी जेवण उरकून भांडी विसळत होते. वहिनी स्वतःहून फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांचं नाव दिसलं तशी मी ओल्या हातानंच तो उचलला. "वन्सं, तुमच्या दादास्नी कराडला न्हेलंय. आंग तव्यावानी तापलंय. हाक मारली तर वळकनात..." एवढंच बोलल्या आणि पुढं नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मी मिळेल ती एसटी पकडली. मार्चचे शेवटचे दिवस, पण खिडकीच्या दांडीला हात लाववत नव्हता आणि पदर तोंडावर ओढून घेतला तरी वारा डोळ्यांत झोंबत होता. पेठ नाक्याच्या अलीकडं भाच्याचा फोन आला. "आत्या, पप्पा गेलं गं..." शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझा भाऊ गेला. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखाच्या आधी भीती वाटली. ज्या गोष्टीला माझा दादा गेली कित्येक वर्षं घाबरत होता, तीच त्याला घेऊन गेली होती, आणि ती खिडकीच्या बाहेर, रस्त्यावर, पिवळ्या पडलेल्या उसावर तशीच उभी होती.

गावात अजूनही म्हणतात, सुभेदारांना, म्हणजे माझ्या दादाला, अॅटॅक आला. तसं म्हणणं सोपं जातं. उन्हानं माणूस गेला असं आपल्याकडं कुणी पटकन म्हणत नाही. ऊन कायमचंच, त्याचं काय एवढं... मी आयुष्यभर अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. उष्णता म्हणजे काय हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण त्या दिवशी कराडच्या दवाखान्यात दादाच्या कपाळाला हात लावला आणि गेलेल्या माणसाचं अंग इतकं गरम असू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं.

विलासदादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत आणि बाकीचे उसात, अशी तिथली रीत. दादा मिसरूड फुटायच्या आत भरती झाला. धिप्पाड, कमी बोलणारा आणि कशालाही न भिणारा. लहानपणी विहिरीच्या थारोळ्यात निघालेला साप त्यानं काठीनं उचलून बांधाच्या पलीकडं सोडला होता, आणि मी किंचाळले म्हणून उलट मलाच रागावला होता. फौजेत गोळीबार पाहिला, बर्फाचा कडा कोसळून शेजारचा तंबू गाडला गेलेला पाहिला. सुट्टीवर आला की हे सगळं तो भाजी-भाकरीच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायचा. आई कानांवर हात ठेवायची. "आगं आय, मी हितं बसलोय न्हवं तुझ्याम्होरं? मग?" म्हणून हसायचा.

तो माणूस एकदा घाबरून घरी आला. नोकरीची अगदी शेवटची वर्षं होती. उत्तरेकडच्या ज्या हिमनदीवर तो कोवळा जवान असताना राहिला होता, तिथंच त्याला सुभेदार म्हणून पुन्हा पाठवलं. सुट्टीत तो गावी जायच्या आधी माझ्याकडं सांगलीला उतरला. आंघोळ केली, जेवला, आणि पानावरून उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिला. मी विचारलं, "काय रे दादा, बरं नाही का?" म्हणाला, "शालू, तू शिकीवतीस म्हणून इचारतो. बर्फ कुटं जातंय गं?" मला आधी वाटलं थट्टा करतोय. मग तो सांगायला लागला. पहिल्या खेपेला जिथं त्यांचा तळ होता, ती जागा त्यानं ओळखली ती समोरच्या सुळक्यावरून. खाली बर्फ नव्हतंच. राखेच्या रंगाची खडी, दगड आणि गढूळ पाणी. हिमनदीचं तोंड पार वर सरकलं होतं. "बरं, सरकंना का," तो म्हणाला, "पर दुपारी तंबूत पडलं की कानाखाली आवाज येतोय. बर्फाच्या आतनं. वढा वाहतोय बग आतनं... आमी त्येच्यावर झोपलोय." आणि मग माझ्या भावानं, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर कबूल केलं, "मला भ्या वाटलं गं. गोळीचं कदी वाटलं न्हाई. ह्येचं वाटलं."

मी त्याला समजावलं, जसं वर्गात समजावते तसं. ऊन हवेतून आरपार येतं, जमीन तापवतं, आणि तापलेली जमीन ती उष्णता परत वर सोडते. वर जाता जाता हवेतले काही वायू ती अडवतात. कार्बन डायऑक्साइड त्यातला मुख्य. थोडा हवाच, नाहीतर पृथ्वी गोठली असती. पण आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळत सुटलो, जंगलं तोडली, आणि हा वायू वाढत गेला. एका पांघरुणावर दुसरं, त्यावर तिसरं, असं चाललंय. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "आदी हवेत किती हुता हे कुणी बगितलंय?" मी सांगितलं, तुझ्या बर्फानंच. ध्रुवाकडच्या जुन्या बर्फात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते फोडून मोजता येतं. त्यानं ताट बाजूला सारलं. "म्हंजी बर्फ वितळलं की साक्षीदार बी गेला," असं काहीतरी म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

निवृत्त होऊन तो गावी आला. ऊस होता, दोन म्हशी होत्या, पोरगा पुण्याला कंपनीत लागलेला. माजी सैनिक जसे राहतात तसा राहायला काही हरकत नव्हती. पण ते पाणी त्याच्या कानातून गेलं नव्हतं. तो हवामानाकडं शत्रूच्या चौकीकडं बघावं तसा बघायचा. दिवस तापण्यापेक्षा त्याला रात्री तापण्याची जास्त धास्ती. सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी भिंत गरमच, पहाटेसुद्धा अंगावर चादर घ्यावीशी वाटत नाही, हे तो मला फोनवर सांगायचा. मी म्हणायचे, पत्र्याच्या घरांमुळं असेल, झाडं कमी झाली म्हणून असेल. तो म्हणायचा, "आसंल. पर तुजा आवाज का बारीक झाला?" कारण मला माहीत होतं. रात्री तापणं हीच तर त्या पांघरुणाची एक खूण होती.

त्यातच सांगलीला तो मोठा पूर आला. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत यापूर्वीही आलं होतं, पायरीला लागून गेलं होतं. त्या ऑगस्टात ते थांबेना. घाटाकडं पाऊस कोसळत होता, धरणातून सोडत होते, आणि मी एकटी पहिल्या मजल्यावर जिन्याच्या पायऱ्या एकेक बुडताना बघत बसले होते. वीज गेलेली. पाण्यावर गॅसच्या टाक्या तरंगत होत्या, कुठलंतरी कुत्रं खालच्या छपरावर सतत भुंकत होतं, आणि मग ते भुंकायचं थांबलं. ते थांबणं मला अजून ऐकू येतं. दादा फौजेच्या बोटीत बसून आला. जवानांना काय सांगून पटवलं देव जाणे. गॅलरीला बोट लावून नुसता हात पुढं केला, "उतर. काय घेऊ नकोस." बोट पुलाजवळ आली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "शालू, हे त्येच पाणी का गं?" मी शिक्षिका आहे, खोटं बोलता येत नाही. म्हटलं, एका पुरावर बोट ठेवून तसं म्हणता येत नाही दादा. नदीच्या पात्रात आपण घरं बांधली, तेही आहे. पण हवा तापली की ती वाफ जास्त धरते, आणि धरलेली सोडते तेव्हा एकदम सोडते. असे पाऊस वाढणार. त्यानं मान हलवली.

पूर ओसरल्यावर त्यानं मला गावी बोलावलं आणि देवळाच्या मंडपात माणसं गोळा केली. म्हणाला, तू सांग, माझं कोण ऐकतंय. मला जमलं तेवढं मी सांगितलं. आमच्या भावकीतला बाजीराव म्हणून आहे, मोठा बागायतदार, बोलण्यात कुणाला हरत नाही. तो म्हणाला, "ताई, उन्हाळा काय नवा हाय व्हय? सूर्यच तापला आसंल. कवा तापतोय, कवा निवतोय. त्यात माणसाचा काय संबंद?" प्रश्न चांगला होता, आणि मी तसं म्हटलंही. सूर्य जास्त तापला असता तर वरपासून खालपर्यंतची सगळी हवा तापली असती. पण मोजलं तर खालची हवा तापतेय आणि फार उंचावरची निवतेय. म्हणजे उष्णता वरून जास्त येत नाहीये, खालीच अडकून राहतेय. शिवाय सूर्यावर कित्येक वर्षं नजर ठेवलेली आहे, तो तसा वाढलेला नाही. आणि हवेतला जो नवा कार्बन आहे त्यावर जुन्या, जमिनीत गाडल्या गेलेल्या झाडझाडोऱ्याचा ठसा सापडतो. कोळसा आणि तेल म्हणजे तेच. बाजीराव विचारात पडला. मग दुसऱ्यानं विचारलं, मग आम्ही उसाचं वाळलेलं पाचट पेटवतो त्याचं काय? मी म्हटलं, उसानं तो कार्बन यंदाच्याच हवेतून घेतलेला असतो, तो परत जातो. कोळशाचा कार्बन युगानुयुगं जमिनीत गाडलेला होता, हवेच्या हिशेबात नव्हता. पण पाचट जाळून जमीन मरते, धूर होतो, तेव्हा जाळू नका.

बाजीराव उठता उठता म्हणाला, "पटलं. मग आता करायचं काय, ते सांगा." आणि सगळा मंडप माझ्याकडं बघायला लागला. मी झाडं, सौरपंप, बस, असं काहीबाही बोलले. सरकारांनी, कारखान्यांनी, मोठ्या देशांनी काय करायला हवं तेही बोलले. पण आज जाळणं बंद केलं तरी वर गेलेला वायू लगेच खाली येत नाही, तो पिढ्यान्पिढ्या राहतो, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. समोर लेकरं घेऊन बसलेल्या बाया होत्या. घरी परतताना दादा म्हणाला, "एक सांगितलं न्हाईस तू." मी म्हटलं, लोकांना घाबरवून काय मिळणार? तो थांबला. "आगं, फौजेत भ्या वाटणारा जवान वाचतोय. ज्येला वाटत न्हाई त्यो कड्यावरनं सरळ जातोय. भ्या घाल म्हणत न्हाई मी... पर आपल्या लोकांस्नी वाटाय पायजे तेवडं बी वाटंना."

यंदा ऊसतोड लांबली. कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वेळ आली होती आणि आमच्या शिवारातला ऊस उभाच. तोडकऱ्यांची टोळी आली ती मार्चच्या उन्हात. उसाच्या फडात वारा नसतो, आणि पाणी दिलेल्या जमिनीची वाफ वर येत असते. घाम येतो पण वाळत नाही. दादा रोज मुकादमाला सांगायचा, उन्हं चढली की माणसं बाहेर काढ, दिवस कलल्यावर परत लाव. मुकादमही बिचारा काय करणार. "सुभेदार, गाडी हुबी हाय, कारखाना बंद व्हतुया. मी थांबलो तर म्होरल्या वर्सी मला कोण टोळी दील?" दादा त्याच्याशी भांडला नाही. मोटरसायकलला कळश्या अडकवून तो फडात पाण्याच्या खेपा घालायला लागला. वहिनी ओरडायच्या. त्या वडूजकडच्या, कोरडवाहू मुलखात वाढलेल्या, उन्हाचं त्यांना कौतुक नव्हतं. पण त्याही म्हणायच्या, "आमच्याकडचं ऊन वाळवतंय. ह्ये हितलं उकडतंय. ह्ये मला ठावं न्हवतं."

त्या दुपारी मंगल नावाची एक तोडकरी बाई मोळी डोक्यावर घेताना पडली. हे मला मंगलनंच सांगितलं, दादा गेल्यानंतर, वहिनींच्या पायाशी बसून. तिला आठवतं ते एवढंच, की घाम यायचा थांबला होता आणि तिला थंडी वाजत होती, भर उन्हात. पुढचं बाकीच्या बायांनी सांगितलं. तिची सासू म्हणाली, भूतबाधा झाली, काहीतरी बडबडतेय. दादानं बघितलं आणि ओळखलं, हिला ऊन लागलंय. तिला पाठीवर टाकली आणि फडातून, बांधावरून, विहिरीवरच्या मोटरपर्यंत धावत नेली. पाईपच्या धारेखाली तिला लुगड्यासकट भिजवत बसला, डोक्यावर, काखेत, मानेवर, आणि बायांना मोठ्यानं सांगत होता, पदरानं वारा घाला, थांबू नका. ती डोळे उघडून बोलायला लागली तेव्हाच उठला. मुकादमाला म्हणाला, "आता काडतोस माणसं, का अजून एक पडू दीऊ?" त्या दिवशी कोयते खाली ठेवले गेले.

माझा भाऊ साठी उलटलेला, रक्तदाबाची गोळी चालू असलेला, सकाळपासून उन्हात. दुसऱ्यांना पाणी पाजणाऱ्या माणसानं स्वतः किती प्यायलं होतं कुणास ठाऊक. घरी आला, वहिनींना म्हणाला, "डोस्कं जड झालंय, जरा पडतो." बाहेरच्या खोलीत, सोप्यातल्या खाटेवर, आडवा झाला. वहिनींना वाटलं, दमलेत, झोपू द्यावं. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा तो छताकडं बघत हिंदीत कुणालातरी हुकूम देत होता. तंबू हलवा, म्हणत होता. खाली पाणी आहे, तंबू हलवा... वहिनींना हिंदी फारसं कळत नाही. त्यांनी मला ते शब्द जसेच्या तसे, अर्थ न कळता सांगितले, आणि विचारलं, "वन्सं, काय म्हणत व्हते ह्ये?" मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं अजून वाटतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी भौतिकशास्त्राची माणूस, मला आकडे कळतात, आलेख कळतात, पण इतकी वर्षं हे तापणं म्हणजे माझ्यासाठी एक माहिती होती. भीती दादाकडं होती. त्यानं ती एकट्यानं सांभाळली आणि जाताना बहुधा माझ्याकडं ठेवून गेला. सकाळी उठले की पहिल्यांदा आभाळाकडं बघते. एप्रिल सरला, मे निम्मा गेला, आणि मी मनातल्या मनात पुढच्या मार्चला घाबरते, त्याच्या पुढच्याला घाबरते. भाच्याची पोरगी पहिलीत आहे. ती माझ्या वयाची होईल तेव्हाच्या दुपारींचा विचार सुरू झाला की मी उठून काहीतरी कामाला लागते.

रविवारी गावी जाते. गेल्या रविवारी पोचले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. सोप्याचं दार लोटलेलं, आत अंधुक गारवा, खिडक्यांना ओली पोती. दादाची खाट वहिनींनी काढून टाकली होती, जागा व्हावी म्हणून. फरशीवर माणसं पडली होती. दूध गोळा करणारा एकजण, पोस्टमन, खतं पोचवायला आलेला टेम्पोवाला, आणि नदीकाठी मेंढरं घेऊन उतरलेल्यांतला एक म्हातारा धनगर, उशाला मुंडासं घेऊन. वहिनी त्या वाटेनं जाणाऱ्या कुणालाच आता या वेळेत पुढं जाऊ देत नाहीत. रस्त्यावर जाऊन हाताला धरून आणतात. "बसा हितं, ऊन उतरंस्तवर. तुमचं काम कुटं पळून जात न्हाई." प्रत्येकाला तांब्याभर पाणी प्यायलाच लावतात, समोर उभं राहून, शेवटच्या घोटापर्यंत. भिंतीवर गणवेशातला दादा, हार सुकलेला. ज्या जागी तो आडवा झाला होता तिथं कुणाला झोपू देतील असं मला वाटलं नव्हतं. तिथं तो म्हातारा घोरत होता.

मी भिंतीला टेकून बसले. त्या सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. बाहेर पाखरू बोलत नव्हतं. मी मोजायला लागले, या खोलीत अजून किती माणसं मावतील... आणि गावात अशा किती खोल्या, आणि रस्त्यावर किती माणसं. मोजणं संपेना. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्या काही शिकलेल्या नाहीत, पण माझ्या तोंडावरचं त्यांनी वाचलं असावं. दबक्या आवाजात म्हणाल्या, "म्होरल्या वर्सी ह्येच्याहून वाढंल, व्हय वन्सं?" मी देवळातल्यासारखं गिळलं नाही. म्हटलं, "कधी थोडं कमी असेल, कधी जास्त. पण एकंदरीत वाढतच जाईल वहिनी. आपण थांबेपर्यंत."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. वहिनी पदर डोक्यावर घेत उठल्या, दार किलकिलं केलं, आणि उजेडाचा एक पट्टा झोपलेल्या माणसांवरून सरकत माझ्या पायापर्यंत आला. पाय चटकन आत घ्यावा इतका तो गरम होता.

"या, आत या," वहिनी बाहेरच्याला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "वन्सं, जरा सरका."

मी सरकले.